अनुभव धागा: लाडका गायक आणि पुढाऱ्यांचा मांडव

गाणंवेडा:
काल माळा आवरताना बाबांचा ट्रान्झिस्टर सापडला. झाकण रबरबँडनं बांधलेलं, आत सेल फुटून हिरवट गंज. मे १९७६ मध्ये आकाशवाणीवर किशोरकुमार बंद झाला तेव्हा बाबा कॉलेजात. इंदिरा सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला गायला तयार झाला नाही, एवढाच गुन्हा. बाबा म्हणायचे, आणीबाणी म्हणजे काय ते आम्हा पोरांना रेडिओवर किशोर लागेना तेव्हा कळलं.

आमच्या कॉलेजात उलटा प्रकार. मोठ्या गायकाची फुकट म्युझिकल नाईट, पास हवा तर फॉर्म भरा. गाणी चार, भाषणं सहा. महिन्याभरानं पोस्टानं पक्षाचं सभासद कार्ड! तुमचे किस्से येऊ द्या.

झोपाळू:
आम्हाला तर अक्षरशः टोपी घातली. टोपी घाला तरच स्टेजसमोर सोडणार. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, 'युवकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दिल्लीकर_माई:
६ फेब्रुवारी १९७७, रविवार. रामलीला मैदानावर विरोधकांची, जयप्रकाश आणि जगजीवनराम यांची सभा, लोक तिकडे जाऊ नयेत म्हणून दूरदर्शनवर मुद्दाम 'बॉबी' लावला. अख्खी गल्ली घरमालकांच्या खोलीत, मी खिडकीच्या गजांना लटकून. दादा मात्र सभेला. मैदान तुडुंब होतं म्हणाला. रात्री धुळीनं माखून आला आणि पहिला प्रश्न, डिंपलच्या फ्रॉकचा रंग कुठला गं? टीव्ही काळापांढरा, रंग काय सांगणार, कपाळ!

झोपाळू:
माई, तुम्ही डिंपल पार्टी की ऋषी?

दिल्लीकर_माई:
ऋषीच हो. पळते, कुकर लावलाय.

उंटावरचा:
पूर्व जर्मनीतल्या सरकारी युवक संघटनेनं जुलै १९८८ मध्ये अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला पूर्व बर्लिनमध्ये बोलावलं. पोरं खूश राहतील हा हिशेब. त्यानं स्टेजवरून जर्मनमध्येच सांगितलं की मी कुठल्या सरकारच्या बाजूनं किंवा विरोधात आलेलो नाही, एक दिवस सगळे अडथळे पडोत. पुढच्या वर्षी बर्लिनची भिंत पडली. गाण्यानं पडली असं म्हणत नाहीये, उगाच तुटून पडू नका.

झोपाळू:
अनुभव मागितलाय, निबंध नाही 😀

माजी_कार्यकर्ता:
मी त्या फॉर्मच्या टेबलामागे बसायचो. गाण्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं, हवी असायची यादी. नाव, पत्ता, अठरा पूर्ण का? नसतील तर कोपऱ्यात जन्मसाल, म्हणजे पुढच्या निवडणुकीला उपयोगी. रात्री मतदार यादीशी ताडून बघायचो. गायक नावाजलेला असला की दुपारीच फॉर्म संपायचे, मग कोऱ्या वहीत सह्या. एकानंही कधी विचारलं नाही, पासाला घरचा पत्ता कशाला लागतो.

गाणंवेडा:
@माजी_कार्यकर्ता म्हणजे माझं कार्ड तुम्हीच पाठवलंत की काय!

माजी_कार्यकर्ता:
अक्षर गिचमिड असेल तर मीच.

उंटावरचा:
ट्रान्झिस्टर टाकू नका. गंज व्हिनेगरच्या बोळ्यानं निघतो.

गाणंवेडा:
निघाला! खरखर येतेय. पण रबरबँड तुटला.