पोटगीच्या केसमध्ये मिळकत लपवली तर बचाव सरळ रद्दच करावा का?

तिखटमीठ:
मावसबहिणीची केस चालू आहे, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतेय. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. अॅफिडेव्हिटमध्ये महिन्याची मिळकत 25 हजार लिहिलीय आणि बँक स्टेटमेंट मागवलं तर त्यात गाडीचा हप्ताच जातोय 28 हजार. मग हा माणूस खातो काय, खिळे? 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा केसमध्ये (मूळची आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातली) सांगितलंय की पोटगी मागताना दोघांनीही मिळकत, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं, समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत, आणि मुद्दाम टाळाटाळ केली तर बचाव रद्द करता येतो, खोटं लिहिलं तर खोट्या शपथेची कारवाई. माझं म्हणणं एवढंच की 'करता येतो' कशाला, करायलाच हवा.

हिशेबनीस:
ताई, राग समजतो पण जरा थांबा. दुकानदाराची मिळकत पगारासारखी एक तारखेला येत नाही हो, उधारी, जीएसटी, माल पडून. हप्ता वडील भरत असतील, खात्यातून फक्त फिरत असेल. बचाव रद्द म्हणजे एकतर्फी निकाल, आकडा आवाक्याबाहेरचा लागला आणि थकला तर वसुलीच्या वॉरंटनंतर तुरुंगात पण जाऊ शकतो. चुकीच्या कागदाला एवढी मोठी शिक्षा नको.

उडता_पारवा:
आणि लपवतात फक्त नवरेच का? भावाच्या केसमध्ये वहिनींनी 'गृहिणी' लिहिलं, लिंक्डइनवर मात्र सिनिअर मॅनेजर 😄 आम्ही खोट्या शपथेचा अर्ज टाकला, दीड वर्ष झालं, कोर्ट म्हणतं आधी मूळ अर्जाचं बघू. म्हणजे नियम दोघांना सारखा आणि दोघांनाही भीती नाही.

तिखटमीठ:
@उडता_पारवा अहो मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय की! भीती नाही म्हणूनच सक्ती हवी. @हिशेबनीस चुकणं वेगळं आणि दडवणं वेगळं, दोनदा मुदत घेऊन तिसऱ्यांदा पण कागद नाही याला चूक म्हणत नाहीत.

काळा_डगला:
फॅमिली कोर्टात रोजचं जाणंयेणं आहे म्हणून सांगतो. खोट्या शपथेच्या अर्जाचं नेमकं काय होतं माहितीय का, शेवटी समजुतीने घटस्फोट ठरतो, त्या कागदात 'दोघांनी एकमेकांवरच्या सगळ्या केसेस मागे घ्याव्या' हे कलम असतं आणि तो अर्ज तिथेच संपतो. त्यामुळे त्याच्या भरवशावर बसू नका. खरा चटका दुसरीकडे बसतो. रजनेश-नेहाच्याच निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरलंय, म्हणजे कागद दडवून दोन वर्षं काढली तर दोन वर्षांची थकबाकी एकदम अंगावर. शिवाय कागद दिले नाहीत की जज राहणीमान बघून अंदाजाने आकडा धरतात आणि तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी नसतो.

मांडवी_काठ:
आमच्याकडे गोव्यात गणितच वेगळं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने दोघांची मालमत्ता सामाईक, घटस्फोटात अर्धी अर्धी. मग लपवणं म्हणजे पोटगी कमी करणं नाही, बायकोचा हिस्साच चोरणं. घर विकायला दोघांची सही लागते त्यामुळे जमीन दडवता येत नाही, पण सोनं, फंड आणि रोकड कोण बघतो? तुमच्याकडे तर घर नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोला त्यात वाटाच नाही, सगळं पोटगीच्या आकड्यावर. तिथे तर मिळकत लपवणं जास्त महाग पडायला हवं ना.

हिशेबनीस:
हा मुद्दा पटला. तरी बचाव रद्द करण्याआधी एक शेवटची संधी आणि जबरदस्त दंड, इतपत ठीक आहे.

तिखटमीठ:
@काळा_डगला दुकानाचे जीएसटीचे रिटर्न कोर्टाकडून मागवता येतात का?

काळा_डगला:
येतात, अर्ज द्या. विमा हप्ते आणि डीमॅट पण घाला त्यात. बहिणीकडे जुन्या पॉलिसीचे फोटो असतील तर नंबर शोधा, नुसतं 'पॉलिसी आहे' म्हणून उपयोग नाही.

तिखटमीठ:
पॉलिसीचा फोटो मिळाला, दिवाळीत कपाट आवरताना काढलेला, नंबर स्पष्ट वाचता येतोय. आणि @हिशेबनीस, आरसी बुक पण बघितलं. गाडी सासऱ्यांची नाही, त्याच्याच नावावर आहे.