मांडवीत बारमाही उभी होडी: झिंक, ॲल्युमिनियम की मॅग्नेशियम?

खाडीकाठ:
28 फुटी फायबरची शिडाची होडी पणजीजवळ मांडवीत बाराही महिने पाण्यात असते. पंखा फिरवणारा शाफ्ट 25 मिमी स्टेनलेसचा, पंखा मँगनीज ब्राँझचा, इंजिन आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग रबरी. तळाला 1 किलोची झिंकची (जस्ताची) प्लेट आणि शाफ्टवर झिंकची कॉलर होती, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे ॲनोड. वर्षानं होडी वर घेतली तर प्लेट जवळपास नवीच, वर पांढरा कडक थर. कॉलर गळून पडलेली. पंख्याच्या पात्यांच्या कडा गुलाबी. नदीचं पाणी आहे म्हणून मॅग्नेशियम लावा असं सांगितलं जातंय. नेमकं काय लावावं?

शाफ्टवाला:
प्लेट नवी दिसते म्हणजे ती कामच करत नव्हती. झिंक झिजतं तेव्हाच पंखा वाचतो.

आधी जोड तपासा, होडी वर आहे तोवरच. पाण्यात ओहमचं रीडिंग फसवं येतं. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा. मग एक वायर प्लेटच्या आतल्या बोल्टला आणि दुसरी शाफ्टच्या चकचकीत घासलेल्या जागी लावा, आणि आधीचा आकडा वजा करा. 0.1 ओहमच्या आसपास हवं, 1 ओहम म्हणजे जोड नाहीच असं समजा. तुमचं कपलिंग रबरी आहे, म्हणजे प्लेटची वायर इंजिनपर्यंत आली तरी जोड शाफ्टपर्यंत पोचतच नाही. कपलिंगवरून तांब्याची पट्टी टाकतात, पण ती वाकून वाकून तुटते. त्यापेक्षा शाफ्टवर स्प्रिंगचा ब्रश बसवा आणि तिथून प्लेटच्या बोल्टला 4 चौ. मिमीची वायर न्या.

दुसरं कारण पाणी. मे महिन्यात मांडवी खारट, पावसाळ्यात वरचं पाणी जवळजवळ गोडं. गोड्या पाण्यात झिंकवर थर धरतो आणि पुन्हा खारं पाणी आलं तरी तो सुटत नाही. म्हणून इथे ॲल्युमिनियमच. त्याच मापाची प्लेट जेमतेम 400 ग्रॅम भरेल, घाबरू नका, झिजताना मिळणारा संरक्षक प्रवाह बघा: झिंक किलोला सुमारे 780 अँपिअर-तास देतं, ॲल्युमिनियम सुमारे 2500.

मात्र ते साधं ॲल्युमिनियम नसावं. सुमारे 5 टक्के जस्त आणि किंचित इंडियम असलेलाच मिश्रधातू झिजत राहतो. भंगार वितळवून ओतलेले तुकडे घेऊ नका, घटकांचं प्रमाणपत्र मागा. प्लेट आणि कॉलर दोन्ही एकाच धातूची हवी, नाहीतर ॲल्युमिनियम झिंकलाच वाचवत बसेल.

भरतीओहोटी:
मॅग्नेशियम कायम गोड्या तळ्यासाठी. खाऱ्या पाण्यात ते फार जोर करतं आणि थोड्याच दिवसांत संपतं. लाकडी होडीला तर ते घातकच, कारण बोल्टांभोवती अल्कली तयार होऊन लाकूड कुजतं.

जोड खरंच काम करते का ते पाहायला, पाण्यात उतरल्यावर सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड (तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणारा) पाण्यात सोडून मीटरच्या काळ्या वायरला जोडा, लाल शाफ्टला. कॉलर बसवण्याआधी, प्लेटची वायर काढून एक रीडिंग घ्या. नंतर सगळं जोडून दुसरं. आकडा किमान 200 मिलिव्होल्टनी जास्त ऋण व्हायला हवा. हे उन्हाळ्यात, भरतीला करा. गोड्या पाण्यात इलेक्ट्रोडचा आकडाच सरकतो.

वल्हं:
कॉलर गळण्याचं एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: 1 इंची कॉलर 25 मिमीच्या शाफ्टवर कधीच घट्ट बसत नाही, 0.4 मिमीची फट राहते. 25 मिमीचीच मागा. शाफ्ट पॉलिश पेपरनं लख्ख घासा, ग्रीस नको. ॲलन बोल्ट आवळा, कॉलरला चहूबाजूंनी हातोडीनं ठोका आणि पुन्हा आवळा. दुसऱ्या वेळी बोल्ट नक्की फिरतो. कटलेस बेअरिंगपासून (शाफ्टला आधार देणारं, पाण्यानं ओलं राहणारं रबरी बेअरिंग) निदान 25 मिमी लांब ठेवा, नाहीतर बेअरिंगचं पाणी अडतं. ॲनोडवर रंग चुकूनही लावू नका. निम्मा झिजला की बदला.

खाडीकाठ:
पंखा टाकून द्यावा का? आणि जेटीची वीज घेतो, त्याचा संबंध?

शाफ्टवाला:
मँगनीज ब्राँझ खरं तर पितळच. गुलाबी म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलंय. पातं हातोडीनं हलकं वाजवा: घणघणलं तर घासून चालवा, बद्द वाजलं तर बदला.

जेटीच्या अर्थ वायरमुळे तुमचा ॲनोड शेजारच्या होड्यांसाठीही झिजतो. त्या वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, म्हणजे ॲनोड झिजवणारा बारीक प्रवाह अडतो पण अर्थ चालू राहते. अर्थ तोडू मात्र नका, जिवावर बेतेल. नवा ॲनोड काही आठवड्यांतच संपला तर तळातल्या पंपाच्या, पाण्यात भिजणाऱ्या वायरींपासून शोध सुरू करा.