शब्दचर्चा : 'चरित्र अभिनेता'

प्रश्न : आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातलं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री नाटक आहे, त्याचं पोस्टर चौकात लागलं. नायक, नायिका, खलनायक, विनोदी आणि एका फोटोखाली 'चरित्र अभिनेता'. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग बाकीच्यायचं चरित्र बरोबर नाही का?" मला उत्तर सुचलं नाही. हा शब्द मुळात मराठी आहे का?

— आजीचं बरोबरच आहे. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा किंवा वागणूक. इंग्रजी 'कॅरॅक्टर' या शब्दाचे अर्थ दोन, पात्र आणि शील. 'कॅरॅक्टर आर्टिस्ट'चा हिंदीत 'चरित्र अभिनेता' झाला आणि सिनेमासोबत आपल्याकडे आला. अर्थ पात्राचा हवा होता, पण ऐकू येतो शीलाचा.

— मग 'सहाय्यक अभिनेता' म्हणावं का?

— नाही ताई, ते वेगळं. सहाय्यक हा कथेतला क्रम झाला, चरित्र ही कामाची जात. दिलीप प्रभावळकरांनी 2006 साली 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी केले, राष्ट्रीय पुरस्कार सहाय्यक अभिनेत्याचा मिळाला. पण दूरदर्शनवर चिमणराव केले तेव्हा मुख्य पात्र तेच होते! रंगभूमी, सिनेमा, मालिका, सगळीकडे चाल, आवाज, वय बदलून माणूस उभा करायचा. ही कामाची जात 'सहाय्यक' या शब्दात मावत नाही.

— आपल्या झाडीपट्टीचंच, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या रंगभूमीचंच, बघा ना. इथले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. त्यांना कोणत्या एका खान्यात बसवाल? आमच्याकडे पोस्टरवर काहीही छापलेलं असो, माणसं विचारतात, "बापाचं काम कोण करून राह्यला?" मला हाच शब्दप्रयोग सगळ्यात नेमका वाटतो. गेल्या हंगामात एका गावी पडद्यामागं बसलो होतो. दिवसा धान कापून आलेला नट केसांना पावडर लावत होता. आरशात न बघता त्यानं आधी पाठ वाकवली, मग हात थरथरवून पाहिला, आणि मगच काठी उचलली. त्याला 'चरित्र अभिनेता' म्हटलेलं चालेल, पण 'दुय्यम' म्हणू नका, जिवाला लागतं.

— (मूळ प्रश्नकर्ता) आजीला सांगितलं, तो बापाचं काम करणारा आहे. ती म्हणाली, "मंग तसंच लिवा ना," आणि चटई काढायला उठली.