पिक्चर किती भीतीदायक ते ठोक्यांवरून ठरवणं पटतं का?

निशाचर: २०२० मध्ये ब्रॉडबँडचॉइसेस नावाच्या ब्रिटिश साइटने ५० जणांना हार्ट रेट मॉनिटर लावून शंभरेक तास हॉरर दाखवले आणि 'सिनिस्टर' पहिला आला. एरवी मिनिटाला सरासरी ६५ ठोके, हा बघताना ८६. दुसरा 'इन्सिडियस', सरासरी ८५ पण एका ठिकाणी थेट १३३!! मला ८६ काही विशेष वाटत नाही राव, जिना चढलो तरी त्याच्या वर जातात. शनिवारी रूमवर आम्ही पण हेच करणार आहोत, स्मार्टवॉच सगळ्यांकडे आहेत. सरासरी धरायची का सगळ्यात मोठा आकडा?

खडूस काका: अरे जिन्याचे ठोके दोन मिनिटांत खाली येतात. इथे माणूस पावणेदोन तास नुसता बसून आहे आणि तरी सरासरी वीस-एकवीसने वर, कमी आहे का ते?

मीठभाकर: मुळात घाबरलं की ठोके वाढतात हे अर्धंच खरं आहे. दचकलं की वाढतात. पण दाराआड कुणीतरी आहे, अजून दिसत नाहीये आणि आपण श्वास रोखून नुसतं बघतोय, तेव्हा बऱ्याचदा व्हेगस नर्व्ह (मेंदूकडून हृदयाकडे जाणारी, ठोके कमी करणारी नस) ब्रेक लावते आणि ठोके उलट मंदावतात. लॅबमध्ये भयंकर फोटो दाखवल्यावर पहिल्या काही सेकंदांत हेच दिसतं. म्हणून त्याच यादीतला 'हेरेडिटरी' बघा, सरासरी ८३ म्हणजे फार मागे नाही, पण सगळ्यात वरचा आकडा १०९च. तो भॉक करत नाही, आत जाऊन बसतो, मी दोन रात्री पॅसेजचा लाइट चालू ठेवून झोपले. नुसता मोठा आकडा धरलात तर कानाशी किंचाळणारा पिक्चर जिंकणार, भीतीदायक नव्हे.

सर्किट: घड्याळावर फार विश्वास ठेवू नका, ते हिरवा लाइट मारून मनगटातलं रक्त बघतं, हात हलला की गंडतं आणि दचकल्यावर नेमका हातच हलतो. छातीचा पट्टा मिळाला तर उत्तम, नाहीतर वर्कआउट मोड तरी लावा, एरवी बरीच घड्याळं मधूनमधूनच मोजतात. आधी चहा-कॉफी नको, दहा मिनिटं गप्प बसून प्रत्येकाचे नॉर्मल ठोके लिहून ठेवा. आणि हसल्यावर पण वाढतात बरं का, तुमच्या रूमवर कॉमेंट्री चालणार असेल तर विषयच संपला.

निशाचर: कॉमेंट्री तर होणारच 😅 मग सरासरी, मोठा आकडा दोन्ही लिहितो आणि शेवटी प्रत्येकाकडून दहापैकी मार्क घेतो. एक जण दरवेळी अर्ध्यात झोपतो, त्याचं काय करू?

सर्किट: काढून टाक त्याला. झोपेत ठोके अजून खाली जातात, 'सिनिस्टर'ची सरासरी पाडेल तो.