गेल्या महिन्यात पहिल्यांदाच पाहिलेला, मनात राहिलेला सिनेमा

अट एकच. सिनेमा कितीही जुना असू दे, तुम्ही तो गेल्याच महिन्यात पहिल्यांदा पाहिलेला हवा. तारे-बिरे देऊ नका, सगळी गोष्टही सांगू नका. डोक्यातून जात नाही ते तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरु' (1952). कॅन्सर झालेल्या सरकारी बाबूची गोष्ट एवढं ठाऊक होतं, आणि रडायची हौस नव्हती म्हणून टाळत होते. पण हा तर चक्क बोचरा निघाला! डबकं बुजवून मुलांसाठी बाग करा, म्हणत बायका येतात आणि या खिडकीवरून त्या खिडकीवर टोलवल्या जातात. नायक वातानाबे मरतो तेव्हा सिनेमा बराच शिल्लक असतो. मग सुतकाच्या बैठकीत सहकारी साके पीत बसतात. आधी बागेचं श्रेय भलत्यालाच देतात. चढायला लागल्यावर गळे काढून शपथा घेतात, उद्यापासून आपणही वातानाबेंसारखंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तक्रार येते आणि साहेब सांगतात, त्या खिडकीवर पाठवा. वातानाबे बर्फात झोपाळ्यावर बसतो त्या गाजलेल्या प्रसंगापेक्षा मला हेच जास्त लागलं. (गोष्ट सांगू नका म्हणाले आणि मीच सांगून बसले. माफी.)

---

'12 अँग्री मेन', 1957. खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेले बारा ज्युरी. 'एक रुका हुआ फैसला' इतक्यांदा पाहिलाय की मूळ बघायचं राहूनच गेलं होतं. निकाल माहीत असूनही घाम फुटला. मग लगेच पुन्हा लावला, या वेळी फक्त कॅमेऱ्याकडे बघत. सुरुवातीला तो माणसांच्या डोळ्यांच्या वर असतो, मग समोर येतो, शेवटी इतका खाली जातो की छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत जातात, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. खोली तीच, पण आकसत जाते. सिडनी ल्युमेटचा हा पहिला सिनेमा होता, यावर विश्वास बसत नाही.

---

आठ वर्षांच्या भाच्याबरोबर 'सिटी लाइट्स'. पहिला प्रश्न, "मामा, आवाज बंद आहे का?" बोलपट रुळले होते, तरी 1931 साली चॅप्लिनने तो मूकच ठेवला, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. बॉक्सिंगच्या सामन्याला पठ्ठ्या सोफ्यावरून खाली पडला. शेवटी, आधी आंधळी असलेली फुलवाली चॅप्लिनचा हात हातात घेते तिथे मात्र एकदम गप्प. "तिला कळलं?" एवढंच विचारलं.

---

इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' (1987). मित्राची वही चुकून घरी आली, ती परत द्यायची. बास. पण छोटा अहमद आईला पुन्हा पुन्हा सांगतो आणि ती दर वेळी नवं काम लावते, तेव्हा मी पडद्याशी भांडत होतो. अहो, ऐका ना त्याचं!

---

खरं सांगते, जपानी दिग्दर्शक ओझूच्या 'टोक्यो स्टोरी'त (1953) अर्ध्या तासात डोळा लागला. दुसऱ्या रात्री उरलेला पाहिला. सासू गेल्यावर धाकटी नणंद विधवा भावजयीला विचारते, आयुष्य निराशच करतं, नाही का? आणि नोरिको हसून 'हो' म्हणते. त्या हसण्यासाठी तेवढा प्रसंग तीनदा मागे नेला.