दाजींची तीन बोटं गेली, ठेकेदार ४० हजारांवर सही मागतोय

पलूसचा_मेव्हणा:
नमस्कार. माझे दाजी (वय तेव्हा ३५ पूर्ण) रेल्वेच्या रुळाच्या कामावर एका ठेकेदाराकडं रोजंदारीला होते. हजेरी ६०० रुपये, महिन्याला २६ दिवस भरायचे. २०२४ च्या आषाढीच्या आदल्या दिवशी कोरेगावच्या अलीकडं सिमेंटचा स्लीपर (रुळाखालचा आडवा ठोकळा) पहारीनं सरकवताना निसटला आणि डावा हात खाली सापडला. करंगळी आणि शेजारची दोन बोटं मुळापासून काढावी लागली. मिरजेत ११ दिवस दवाखान्यात होते. सुरुवातीचे १८ हजार ठेकेदारानं भरले, उरलेले ५२ हजार आक्कानं गळ्यातलं गहाण ठेवून भरले.

परवा ठेकेदाराचा माणूस स्टॅम्प पेपर घेऊन आला. ‘४० हजार मिळाले, यापुढं कसलीही तक्रार नाही.’ वर म्हणतो, चूक तुमचीच, हातमोजे नव्हते घातले. अहो, दिलेच नव्हते! नेमणूकपत्र नाही, म्हणून दाजींना वाटतं की आपलं कोण ऐकणार. पोराची फी भरायचीय, ते सही करायला निघालेत. मी काय करू?

तासगावची_लेक:
सही करू देऊ नका. आज रात्रीच त्यांच्याशी बोला. बाकीचं सविस्तर लिहिते, जरा वेळ द्या.

निवृत्त_मुकादम_सातारा:
बाळा, ३१ वर्षं रुळावर काढली मी. आम्हा कायम माणसांना लागलं की ‘आयओडी’, म्हणजे कामावर असताना झालेली इजा, असं लिहिलं जायचं, रेल्वेचा दवाखाना असायचा. शेजारी तीच पहार धरलेल्या ठेक्याच्या पोराला जीपमधून गावाकडं सोडून यायचे. ते बघून फार जीव तुटायचा. अशाच एका पोरासाठी मी स्वतः साक्ष दिली आहे, म्हणून नीट सांगतो.

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे. त्यात कामगाराची चूक होती का, हा प्रश्नच मुळात येत नाही. कामावर असताना, कामामुळं लागलं, एवढं पुरतं. दारू पिऊन होता, किंवा दिलेलं सुरक्षा साधन जाणूनबुजून टाकून दिलं, असलं काही असेल तरच मालक हात वर करू शकतो. हातमोजे दिलेच नाहीत तर ते टाकणार कुठून?

दुसरं, कलम १२. काम रेल्वेचं, जागा रेल्वेची, म्हणून भरपाई मूळ काम देणाऱ्याकडूनही मागता येते. ते नंतर ठेकेदाराकडून वसूल करतील. दाव्यात दोघांनाही सामनेवाले करा. ठेकेदार उद्या फोन बंद करून बसला तरी दावा अडत नाही.

कागद नाही म्हणून घाबरू नका. हजेरी मोबाईलवर जमा व्हायची का? तो बँकेचा उतारा काढा. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘कामावर असताना’ असं लिहिलंय का बघा. सोबत पहार धरणारे दोघे-तिघे गाठा, त्यांची गावं विचारून ठेवा, कारण ठेक्याची माणसं पांगतात आणि मग सापडत नाहीत.

तासगावची_लेक:
माझ्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, दावा मी सांगलीत लढवला, म्हणून आकडे तोंडपाठ आहेत. एका हाताची तीन बोटं गेली की कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलंय. पगार १५,००० पर्यंतच धरतात (३ जानेवारी २०२० पासून), त्याचे ६० टक्के ९,०००. त्याला कायद्यात वयानुसार दिलेल्या आकड्यानं गुणायचं, वय ३५ चा हा गुणक १९७.०६. म्हणजे १७,७३,५४० आणि त्याचे ३० टक्के ५,३२,०६२ रुपये. समोर ४० हजार ठेवलेत, बघा! दवाखान्याचा खरा खर्च वेगळा मिळतो, म्हणजे आक्कांचे ५२ हजार. सगळी बिलं जपून ठेवा. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

हक्क सोडून देतो असं लिहून घेतलेला करार कलम १७ नं रद्दबातल आहे. तरी सही करू नकाच. ती सही माझ्या मालकांनी केली होती, आणि ती खोडून काढण्यात आमचं दीड वर्ष गेलं.

मुदत अपघातापासून २ वर्षं. तुमची २०२६ च्या जुलैत संपते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. अपघात सातारा जिल्ह्यात झाला तरी दाजी राहतात तिथं, म्हणजे सांगलीला दावा लावता येतो.

एक मात्र तपासा, हजेरीतून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत होते का? कापत असतील तर हा दावा चालत नाही, भरपाई ईएसआयकडून दरमहा घ्यावी लागते.

वकील_विटा:
ताईंचा हिशेब बरोबर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमचा अपघात त्याआधीचा. हक्क अपघाताच्या दिवशीच्या कायद्यानं ठरतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा.

पलूसचा_मेव्हणा:
ईएसआय कापत नव्हते. दाजींना हे सगळं वाचून दाखवलं. आकड्यापाशी आले तेव्हा त्यांनी डावा हात खिशातून बाहेर काढून मांडीवर ठेवला, दोन वर्षांत पहिल्यांदा. स्टॅम्प पेपर तसाच बिनसहीचा पडलाय. केसपेपरवर ‘रेल्वे साईटवर स्लीपर पडून’ असं लिहिलेलं सापडलं. सोबतच्या एकाचं गाव आटपाडीकडं आहे, रविवारी त्याच्याकडं निघालोय.