फक्त सुरुवातीच्या संचावर ऑनलाइन गोल्फचे आव्हान: चेंडू ग्रीनवर थांबवायचा कसा?

खाडीपलीकडचा (गुहागर)

सर्वांना नमस्कार. आम्ही सहा जण, तिघे गुहागरचे, दोघे चिपळूणचे आणि एक नोकरीनिमित्त पनवेलला असलेला, गेल्या पावसाळ्यापासून मोबाइलवर गोल्फ खेळतो. आमच्यापैकी एकानेही खऱ्या गोल्फच्या मैदानावर पाऊल ठेवलेले नाही, त्यामुळे जे काही कळते ते या खेळातूनच कळलेले आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली तेव्हा आम्ही आपसांत असे ठरवले की ३१ जुलैपर्यंत, म्हणजे बंदी उठेपर्यंत, खाते उघडताना फुकट मिळालेले क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) आणि त्यांच्यासोबतचा साधा चेंडू एवढ्यावरच खेळायचे. दर रविवारी रात्री नऊ होलांची एक फेरी, पार ३६, म्हणजे ३६ फटक्यांत पुरी व्हावी असा हिशेब. विकत घेतलेली किंवा गुण साठवून मिळवलेली कोणतीही वस्तू वापरायची नाही.

आतापर्यंत पाच रविवार झाले आणि माझे आकडे अनुक्रमे ४६, ४४, ४७, ४४ आणि ४५ असे आहेत. विकतच्या चेंडूवर मी ३८ ते ४० मध्ये खेळत असे, तेव्हा फरक कुठे पडतो हे मी प्रत्येक फटका लिहून पाहिले. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, सुमारे २० यार्ड कमी जातो, पण तेवढ्याने सात फटके वाढायला नकोत. खरे दुखणे पुढे आहे. साधारण १५० यार्डांवरून ६ नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) मारलेला चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, अगदी मनासारखा पडतो आणि मग दहा-पंधरा यार्ड घरंगळत मागच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) किंवा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो. पूर्वी तोच चेंडू दोन टप्प्यांत थांबत असे. पार ५ च्या होलवर तर मी दर वेळी दुसरा फटका जीव तोडून मारतो आणि ग्रीनच्या अलीकडे ४०-५० यार्डांवर अशा जागी अडकतो की तिथून पुढचा फटका अंदाजानेच मारावा लागतो.

दुसरा प्रश्न नियमाचा आहे. आमच्यातल्या एकाची पातळी वाढली आणि खेळाने त्याला बक्षीस म्हणून एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आपणहून दिला. तो म्हणतो, "मी मागितला नाही, विकत घेतला नाही, मग तो सुरुवातीच्याच संचात धरा." बाकीच्यांचे यावर एकमत होत नाही. जाणकारांनी दोन्ही बाबतींत सांगावे.

जांभा चिरा (रत्नागिरी)

आपण प्रत्येक फटका लिहून ठेवला हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या वहीतच आहे.

ग्रीनवर पडलेला चेंडू दोन गोष्टींमुळे थांबतो: त्याला मिळालेली उलटी फिरकी आणि तो खाली उतरतानाचा कोन. महागड्या क्लबांनी आणि चेंडूंनी तुम्हाला लांबी मिळते ती सर्वांना दिसते, पण त्यांच्यासोबत फिरकीही मिळत असते आणि तिचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. सुरुवातीच्या संचात ही फिरकी जवळजवळ नसतेच. म्हणून होलमधल्या झेंड्याचे अंतर पाहून क्लब निवडण्याची विकतच्या चेंडूवर लागलेली सवय इथे आपल्याला बुडवते आहे. प्रत्येक क्लबची दोन अंतरे वेगवेगळी मोजा, एक हवेतले आणि एक टप्प्यानंतर घरंगळण्याचे. समजा, ६ नंबरचा आयर्न हवेत १५० जातो आणि पुढे १२ धावतो, तर झेंडा १५० वर असताना तो क्लब मुळातच चुकीचा आहे. तिथे ७ नंबर घेऊन चेंडू ग्रीनच्या तोंडाशी टाकावा आणि आत चालत जाऊ द्यावा. ग्रीनच्या तोंडाशी बंकर असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो. अशा वेळी झेंड्याकडे न पाहता ग्रीनचा जो भाग सर्वांत लांबट असेल तिकडे मारावे आणि दोन पटांत (ग्रीनवर घरंगळवायच्या फटक्यांत) पार घेऊन समाधान मानावे.

आता पार ५ चा प्रश्न. आपण ४०-५० यार्डांवर अडकता, कारण तिथे वेजचा अर्धामुर्धा फटका मारावा लागतो. अर्ध्या जोराच्या फटक्याला फिरकी आणखी कमी मिळते आणि पडद्यावरच्या जोराच्या पट्टीवर त्याचे अंतर नेमके धरणेही कठीण जाते. त्यापेक्षा उलट दिशेने मोजत या. आपला वेज पूर्ण जोराने १०० यार्ड जात असेल, तर ५०० यार्डांच्या होलवर ड्रायव्हरने २१०, मग १९० आणि मग १०० असा हिशेब बसतो. दुसरा फटका २०० च्या पुढे नेण्यात काहीच मिळकत नाही, आणि त्यासाठी सर्वांत लांब वुड (ड्रायव्हरखालोखाल लांब मारणारा क्लब) काढल्याने तो रफमध्ये जाण्याची भीती मात्र वाढते. तिसरा फटका नेहमी पूर्ण वेजचा उरला पाहिजे, हे एवढे पाळले तरी पार ५ वरचे दोन-तीन फटके वाचतील.

चढ-उताराचा ढोबळ नियम असा की ग्रीन जितके यार्ड वर असेल तितके यार्ड जास्त धरावेत, आणि खाली असेल तर तितके कमी. खेळात उंची फुटांत दाखवली असेल तर तिला तीनने भागावे. वरच्या ग्रीनवर चेंडू सपाट कोनात उतरतो आणि अधिक धावतो, हेही विसरू नये.

हर्णै बंदर

जांभा चिरा यांनी वाऱ्याचा विषय सोडून दिला, तो मी घेतो.

माझे वडील तांडेल होते. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून सुटणारे मतलई वारे आम्ही शाळेच्या पुस्तकाआधी होडीवर शिकलो. त्यामुळे या खेळात वाऱ्याचा अंदाज आपल्याला सहज येईल असा माझा समज होता, आणि तो पार खोटा ठरला. होडीवर वारा अंगाला लागतो. इथे पडद्यावर एक बाण आणि एक आकडा असतो, आणि आपण निशाणाची दिशा फिरवली की बाणही फिरतो. तेव्हा अंगातली जाण बाजूला ठेवून मी चक्क आकडेमोड सुरू केली.

खऱ्या गोल्फमध्ये वापरला जाणारा ढोबळ नियम असा आहे की समोरून येणारा वारा ताशी जितके मैल असेल तितके टक्के अंतर वाढवून धरावे आणि पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याला त्याच्या निम्मे टक्के कमी करावेत. म्हणजे १५० यार्डांवर ताशी १० मैलांचा वारा समोर असेल तर १६५ चा फटका लागतो, आणि तोच वारा पाठीशी असेल तर सुमारे १४२ चा. वारा जेवढे हिरावून घेतो तेवढे परत देत नाही, हे लक्षात न घेतल्याने पुष्कळ जण समोरच्या वाऱ्यात कायम अलीकडे पडतात. वारा तिरका, म्हणजे ४५ अंशांत असेल तर दहापैकी सात समोरचे आणि सात आडवे धरावेत. आपल्या खेळात हीच टक्केवारी चालते की नाही, हे सरावाच्या होलवर दहा-बारा फटके मारून तपासावे, कारण प्रत्येक खेळ वाऱ्याचे गणित आपापल्या पद्धतीने बसवतो.

आपल्या मूळ दुखण्याशी याचा थेट संबंध आहे. समोरच्या वाऱ्यात चेंडू उंच चढतो, तीव्र कोनात उतरतो आणि लवकर थांबतो. पाठीच्या वाऱ्यात तो सपाट उतरतो आणि धावत सुटतो. म्हणून फिरकी नसलेल्या संचाने खेळणाऱ्याला समोरचा वारा उपकारक आहे. माझ्या नोंदींत झेंड्याच्या दहा फुटांच्या आत थांबलेले बहुतेक फटके समोरच्या वाऱ्यातले आहेत.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचा सातवा होल 'वर्ल्ड गोल्फ टूर' या खेळात खऱ्या मैदानाच्या छायाचित्रांवरून उभा केलेला आहे. समुद्रात घुसलेल्या टोकावरचा, उतरता, जेमतेम १०७ यार्डांचा हा होल आहे. इतक्या लहान अंतरावर लांबीचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या आणि विकतच्या संचांतला फरक तिथे सर्वांत कमी जाणवतो. आव्हानासाठी असे होल निवडावेत असे मी सुचवीन.

मुरूडचा वाटसरू

माझे मत थोडे वेगळे आहे. खेळणाऱ्याने पुढे जावे अशीच या खेळांची रचना असते, आणि फुकटच्या संचावर दोन महिने घालवून जे शिकाल ते नवा चेंडू घेतल्यावर पुन्हा विसरावे लागेल, कारण त्याची अंतरे निराळी असतील. मजा म्हणून ठीक आहे, पण याला अभ्यास म्हणू नये.

सड्यावरची (देवगड)

मुरूडच्या वाटसरूंशी मी अर्धीच सहमत आहे. अंतरे विसरावी लागतात, मोजण्याची सवय विसरावी लागत नाही. लहानपणी सड्यावर आम्ही माडाच्या पिड्याच्या (झावळीच्या देठाच्या) बॅटीने क्रिकेट खेळलो. ती बॅट चेंडू लांब पाठवत नसे, म्हणून तो कुठे ठेवायचा हे कळले.

गोल्फमध्येही याला आधार आहे. स्पेनचे गोल्फपटू सेवे बालेस्तेरोस लहान असताना पेड्रेन्या या आपल्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एका ३ नंबरच्या आयर्नवर सगळे फटके शिकले, आणि पुढे १९७९, १९८४ आणि १९८८ असे तीन वेळा त्यांनी 'द ओपन' ही ब्रिटनची मोठी स्पर्धा जिंकली. अमेरिकेचे चिक एव्हन्स यांनी १९१६ ची यूएस ओपन पिशवीत फक्त सात क्लब ठेवून जिंकली. त्या काळी क्लबांच्या संख्येवर बंधन नव्हते, आणि पुढे काही खेळाडू पंचवीसच्या आसपास क्लब बाळगू लागले. मग १९३८ मध्ये अमेरिकेत आणि १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये चौदाची मर्यादा आली. म्हणजे पिशवीत काय असावे हा वाद तुमच्या सहा जणांपुरता नाही.

आता तुमचा नियम. मी असे म्हणेन की पहिल्या दिवशी पिशवीत जे होते तेच सुरुवातीचे. वस्तू फुकट मिळाली की विकत, हा निकष लावलात तर उद्या रोजच्या हजेरीच्या बक्षिसात मिळालेला चेंडूही आत येईल, आणि पुष्कळ खेळांत चेंडूचा परिणाम क्लबपेक्षा जास्त असतो. तो फिरकी तर वाढवतोच, काही ठिकाणी जोराच्या पट्टीवर सरकणारा काटाही मंद करतो. मित्राने वेज बाजूला ठेवावा. मात्र त्याची पातळी वाढल्यामुळे खेळ त्याला मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळवत असेल, तर तो तुमच्यापेक्षा लांब होल खेळतो आहे, आणि याची भरपाई तुम्ही द्यायला हवी. नऊ होलांमागे दोन फटक्यांची सूट मला रास्त वाटते. ते जमत नसेल तर फेरी सोडून 'झेंड्याच्या सर्वांत जवळ' असे आव्हान पार ३ च्या होलांवर ठेवा.

एक तांत्रिक गोष्ट. काटा उड्या मारत असेल तर दोष आपल्या बोटाचा नसतो. फोनमधली इतर ॲप बंद करावीत, चित्रांचा दर्जा कमी ठेवावा आणि बॅटरी बचतीची सोय बंद करावी. आमच्याकडे पावसात लाइट गेली की सगळे जण नेमकी तीच सोय चालू करतात आणि मग काट्याला दोष देतात.

आणि आव्हान आपसांत गुणांवरच ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.

खाडीपलीकडचा (गुहागर)

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार झाल्यावर लिहितो आहे. आकडे ४१ आणि ४० असे आले. पार ५ वर दोन्ही वेळा पूर्ण वेज उरेल असाच खेळलो आणि चारपैकी तीन वेळा पार मिळाले. चौथ्या वेळी मोह आवरला नाही. आता अडचण पटरची, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या क्लबची, आहे. वीस फुटांवरून माझा चेंडू एकदा चार फूट अलीकडे राहतो आणि एकदा पाच फूट पुढे जातो. ग्रीनच्या वेगाचा जो आकडा खेळ दाखवतो, त्याचा नेमका अर्थ काय?

जांभा चिरा (रत्नागिरी)

तो आकडा बहुधा स्टिम्पमीटरचा असतो. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये तयार केलेली ही खाचेची पट्टी आहे. तिच्यावरून सोडलेला चेंडू सपाट ग्रीनवर जितके फूट जातो, तितका त्या ग्रीनचा वेग. म्हणजे ९ च्या ग्रीनवर जो जोर लागतो, त्याच जोराने ११ च्या ग्रीनवर चेंडू बराच पुढे जाणार. दर फेरीला एकाच वेगाची ग्रीन निवडा, नाहीतर आपण सरासरी शिकता आणि ती कोणत्याच ग्रीनला लागू पडत नाही. सुरुवातीच्या पटरची पट्टी जाडीभरडी असते, म्हणून वीस फुटांवरून होलमध्ये घालायला जाऊ नये. दोन फुटांच्या आत आणून ठेवणे एवढेच उद्दिष्ट धरावे. ग्रीनकडे येतानाही चेंडू झेंड्याच्या खालच्या बाजूला राहील असे पाहावे, कारण चढावरचा पट चुकला तरी फार लांब जात नाही.

खाडीपलीकडचा (गुहागर)

शेवटच्या रविवारी ३९. वेजवाल्या मित्राला दोन फटक्यांची सूट दिली आणि तो एका फटक्याने जिंकला, त्यामुळे सूट एकाची असायला हवी होती की दोनाची, यावर गुहागरात अजून बैठक चालू आहे. ऑगस्टच्या १ तारखेला बोटी बाहेर पडल्या, तेव्हा पुढची फेरी नारळी पौर्णिमेनंतर.